सुरंगीच्या कळ्यांची रासायनिक तुलना : नमुने कसे घ्यावेत

वेंगुर्ले आणि रत्नागिरीकडील सुरंगीच्या, म्हणजे सुवासिक फुलांच्या कोकणी झाडाच्या, कळ्यांची रासायनिक तुलना करावयाची असल्यास प्रयोगशाळेपेक्षा झाडाखालीच अधिक काळजी घ्यावी लागते. कारण कळी कोणत्या अवस्थेत खुडली आणि कशी वाळवली, यानेही तिच्यातील टॅनिन (तुरट चवीचे द्रव्य), त्याच कुळातील अन्य फिनॉलिक द्रव्ये व सुगंधी तेल यांचे प्रमाण बदलते. हा बदल झाडाच्या माथी मारला गेला, तर पुढचे आकडे कुचकामी ठरतात.

बाजारातील कळ्या नमुना म्हणून घेऊच नयेत. सुरंगीच्या सुक्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणूनही विकल्या जातात. खरे नागकेशर म्हणजे वेगळ्याच झाडाच्या फुलांतील पुंकेसर; त्यामुळे बाजारातील नावावर भिस्त ठेवता येत नाही.

बागमालकाच्या परवानगीने झाडे निवडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाची पानाफुलांसह एक फांदी दाबून जपावी. काही झाडांना केवळ नरफुले येतात, म्हणून एखादे फूल उकलून पुंकेसरांच्या दाट झुबक्यात बीजकोश आहे का, हे पाहावे आणि दोन्ही प्रकारांची नोंद वेगळी ठेवावी. कळ्या जुन्या फांद्यांवर घोसाने येतात व एकाच घोसात लहानमोठ्या असतात. त्यामुळे घट्ट मिटलेल्या, सारख्या आकाराच्या कळ्याच सकाळी ठरावीक वेळी खुडाव्यात. प्रत्येक झाडाच्या वेगवेगळ्या दिशांकडील किमान तीन फांद्यांचे नमुने स्वतंत्र पिशव्यांत भरावेत. सर्व कळ्या एकाच पोत्यात ओतल्या की तुलना तिथेच संपते.

ओल्या कळ्यांचा ढीग आतून तापतो आणि कळ्या काळवंडतात, म्हणून त्या लगेच कागदावर सावलीत पातळ पसराव्यात. सुगंधी तेल तपासायचे असल्यास ताज्या कळ्या वेगळ्या काढून शीतपेटीत न्याव्यात. कोकणच्या दमट हवेत वाळलेली कळीही पुन्हा ओल धरते. यासाठी थोडा भाग १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत तापवून ओलाव्याचे प्रमाण काढावे आणि सर्व प्रमाणे कोरड्या वजनावर मांडावीत. एकूण फिनॉलिक द्रव्यांसाठी फोलिन-सिओकाल्टू पद्धत (अभिकर्मक मिसळल्यावर येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजणी) पुरेशी आहे. तपासताना मात्र दोन्हीकडील नमुन्यांचा क्रम मिसळून घ्यावा.

एकाच झाडाच्या फांद्यांमधील फरक झाडाझाडांमधील फरकाइतकाच निघाला, तर कोणतेही झाड सरस ठरवू नये. झाडाझाडांमधील फरक स्पष्टपणे मोठा असला, तरी तो पुढच्या मोसमात त्याच झाडांवर पडताळावा. त्यामागे जमीन आहे की वाण, हे ठरवायचे तर त्या झाडांची कलमे एकाच जागी लावून ती फुलेपर्यंत थांबण्यावाचून पर्याय नाही.