पावसाळ्याआधी सुके बोंबील भरताना

माझं माहेर सातपाटी, पालघर स्टेशनहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. सासर नाशिकला, सिडकोत. मे लागला की बिल्डिंगमधली कुणीतरी विचारतेच, "ताई, बोंबील कुठून आणू?" कुठून ते नंतर. आधी बघायचं कसं ते शिका.

घाई मेमध्येच करायची, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा निघाल्या तरी नवा सुका माल लगेच येत नाही, त्याला पावसाळा सरून कडक ऊन पडावं लागतं.

आमच्या गावाचं नाव पापलेटमुळे. ते 2023 साली राज्याचा मासा झालं. पण पापलेट बर्फात बसून थेट मुंबई गाठतं. बोंबील म्हणजे नुसतं पाणी, काही तासांत लिबलिबीत होतो. म्हणून तो सुकवायचा, आणि ते काम बायकांचं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरीवर टाकायची. मीठ लावत नाहीत. ऊन चांगलं असेल तर तीन-चार दिवसांत काडीसारखा कडक होतो. मध्येच अवकाळी आला तर सगळी मेहनत पाण्यात.

आता बाजारात. बोंबील हातात घेऊन वाकवा; कट्कन मोडला पाहिजे. रबरासारखा वाकला तर ओल आहे, आठवड्यात बुरशी धरेल. वलांडीवरचा बोंबील सरळ लांब असतो, तोंड उघडं. जमिनीवर वाळवलेला वेडावाकडा असतो आणि वाळू चिकटलेली दिसते. रंग पांढरट हवा. पिवळा पडून खवट वास येत असेल तर तो जुना, कितीही स्वस्त असो, नको. जवळा घेताना मूठभर तळहातावर चोळा. हाताला रेती लागली तर पुढच्या टोपलीकडे वळा. बाईला राग येईल, येऊ द्या.

गाडी असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत स्वतःच या. घरीच सुकवणाऱ्या बायकांकडून घेतलेलं बरं. फक्त 14 ऑगस्टला पालघरला येऊ नका. 1942 साली त्या दिवशी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यांत आमच्या गावचे काशिनाथ पागधरेही होते. त्या दिवशी बाजार बंद ठेवतात.

घरी आणल्यावर डोकं, शेपटी, पर कात्रीने कापा आणि तुकडे दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात घाला. नाशिकचं मेचं ऊन यासाठी सातपाटीपेक्षा सरस, दमट हवा नाही ना! कावळ्यांसाठी वर जाळी टाका, मांजरासाठी कुणालातरी बसवा. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलात की आत घाम धरतो. पावसाळ्यात ओल्या हाताने डबा उघडायचा नाही. शेजारणींची तक्रार नको असेल तर डबा गॅलरीत नको, फ्रीजमध्ये.

करताना तुकडे आधी तव्यावर कोरडे भाजून गरम पाण्यात दोनदा धुवा. मग वांगं-बटाटा घालून रस्सा. इथला काळा मसाला चालतो, फक्त हात आखडता घ्या, नाहीतर चव मसाल्याचीच येते. डब्याच्या तळाचा चुरा टाकू नका. लसूण आणि लाल मिरचीबरोबर कुटा, भाकरीला चटणी होते.