टोंडोतल्या बरंगायचा इतिहास कसा जाणून घ्यावा

मनिला शहरातील टोंडो हा भाग पाहायला जाणारा माणूस बहुतेक वेळा तिथली गरिबी पाहायला जातो आणि तेवढीच पाहून परततो. वस्ती समजून घ्यायची असेल, तर तिने स्वतःला कसे बांधून घेतले आहे, तिथून सुरुवात करावी. त्यासाठी बरंगाय ही व्यवस्था आधी नीट समजून घ्यायला हवी.

बरंगाय हे फिलिपाइन्समधील शासनाचे सर्वांत लहान एकक आहे. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक हुआन दे प्लासेन्सिया यांनी 1589 मध्ये लिहून ठेवले आहे, की हा शब्द होडीच्या नावावरून आला. एका होडीतून आलेले कुटुंबकबिले किनाऱ्यावर उतरून एकत्र राहिले आणि त्या वस्तीलाही होडीचेच नाव मिळाले. शहरी वस्त्यांना हे नाव अधिकृतपणे 1970 च्या दशकात मिळाले. मनिलात बरंगायांना बहुधा नावे नसून क्रमांक असतात, त्यामुळे जाण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या वस्तीचा क्रमांक टिपून ठेवावा.

फेरफटक्याची सुरुवात टोंडोतीलच तुतुबान या भागातून करावी. स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता आंद्रेस बोनिफासियो 30 नोव्हेंबर 1863 रोजी टोंडोत जन्मला, आणि त्याने सहकाऱ्यांबरोबर 7 जुलै 1892 रोजी कातिपुनान ही गुप्त संघटना स्थापन केली ती याच परिसरातील, आज रेक्तो नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरात. टोंडोचे नाव तर त्याहूनही पुष्कळ जुने आहे: लगुना प्रांतात सापडलेल्या इ. स. 900 च्या ताम्रपटात ‘तुंदुन’ असा उल्लेख येतो आणि अभ्यासक तो टोंडोचाच मानतात.

वस्तीत शिरताना मात्र थेट गल्लीत घुसू नये. आधी बरंगाय हॉलमध्ये जावे, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगावे आणि परवानगी मागावी. बरंगायच्या निवडून आलेल्या प्रमुखाला लोक ‘काप’ म्हणतात. त्याच्याबरोबर सात कागावाद, म्हणजे सदस्य, आणि तरुणांच्या मंडळाचा अध्यक्ष असतो. रात्रीची गस्त घालणाऱ्यांना तानोद म्हणतात आणि गल्लीबोळांची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते. बोलताना वाक्यात ‘पो’ हा आदरार्थी शब्द घालावा, वडीलधाऱ्या बाईला ‘लोला’ आणि पुरुषाला ‘लोलो’ म्हणावे. परक्याच्या तोंडून हे शब्द आले, की समोरच्याचा संकोच बराच कमी होतो.

हॉलमध्ये थोडा वेळ बसायला मिळाले, तर लुपोन या तंटे मिटवणाऱ्या समितीबद्दल अवश्य विचारावे. माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. एकाच शहरात राहणाऱ्यांचे बरेचसे किरकोळ तंटे न्यायालयात नेण्यापूर्वी इथे आणावे लागतात. बरंगायप्रमुख आणि वस्तीतील 10 ते 20 माणसे यांची ही समिती असते, आणि दोन्ही पक्षांना वकिलाशिवाय, स्वतः हजर राहूनच आपले म्हणणे मांडावे लागते. उसनवारी, भिंतीवरून झालेली भांडणे, शिवीगाळ असे सगळे इथे येते. तंटा कोणाचा होता हे विचारू नये. तो कसा मिटवतात, एवढेच विचारावे.

यानंतर समुद्राकडच्या भागाकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात आलेली, त्यातही विसाया बेटांवरची, कुटुंबे बंदरालगतच्या भराव जमिनीवर राहू लागली. ही जमीन तिथे राहणाऱ्यांनाच चौरस मीटरला 5 पेसो या दराने विकावी, असा कायदा 1956 मध्ये झाला, पण तो अमलात यावा म्हणून लोकांना स्वतःच उभे राहावे लागले. 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘झोटो’ या रहिवाशांच्या संघटनेने राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळातही हटवाहटवीला विरोध केला. तिच्या नेत्या त्रिनिदाद एरेरा यांना 1977 मध्ये अटक झाली. जुन्या रहिवाशांशी बोलताना म्हणूनच ‘तुम्ही इथे कधी आलात?’ एवढ्यावर न थांबता ‘इथून हलवायला कोणी आले होते का, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असेही विचारावे. 1995 मध्ये बंद झालेल्या स्मोकी माउंटन या कचऱ्याच्या डोंगराविषयी बोलणे निघाले, तर आधी ऐकून घ्यावे. कॅमेरा मात्र पिशवीतच राहू द्यावा.

उत्तरे मिळण्याची हक्काची जागा म्हणजे सारी-सारी, घराच्या खिडकीतच थाटलेले छोटे दुकान. जाळीमागे शांपू आणि कॉफीच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. तेल, व्हिनेगर, सिगारेट असे सगळे ‘तिंगी’, म्हणजे सुटे विकले जाते आणि ओळखीच्या माणसाला उधारही मिळते. काहीतरी विकत घ्यावे आणि बाकावर बसून राहावे.

शक्य असेल तर ही भेट जानेवारीत ठरवावी. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सांतो निन्यो, म्हणजे बाल येशूचा सण असतो आणि आदल्या दिवशी लोक मूर्ती हातात घेऊन ‘लाकबायाव’ ही नाचती मिरवणूक काढतात. गल्ल्यांवर पताका लागतात, दारे उघडी राहतात आणि ‘काईन तायो’, म्हणजे ‘चला जेवू या’, अशी हाक येते. ती आली, की निदान दोन घास तरी खावेत, आणि वही नंतर उघडावी.