चालू सांबा सर्व्हरवर शेअर तोडण्याआधीची तयारी

सांबा म्हणजे विंडोजच्या संगणकांना नेटवर्कवरून फोल्डर देणारा सर्व्हर प्रोग्रॅम, आणि असा दिलेला फोल्डर म्हणजे शेअर. कुणाचा तरी एका शेअरवरचा प्रवेश काढायचा आहे, दुपारची वेळ आहे, सगळं ऑफिस कामात आहे. अशा वेळी पूर्ण सांबा रीस्टार्ट करू नका. चालत्या एसएमबीडीला (सांबाची फायली देणारी प्रोसेस) निरोप द्यायला एसएमबीकंट्रोल ही आज्ञा आहे. मात्र तो निरोप गेला की मागे घेता येत नाही. मागच्या खेपेला उघड्या फायली बघायच्या राहिल्या आणि एका माणसाचं सकाळपासूनचं काम गेलं. म्हणून ही यादी, आणि म्हणून त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: तोडण्याआधी उघड्या फायली बघा.

रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागतात. कॉन्फिग फाइलची प्रत काढून ठेवा. ही सांगायची गोष्ट नाही.

बदल केल्यावर टेस्टपार्म -एस (कॉन्फिग तपासणारी आज्ञा) चालवा आणि वरच्या चार ओळी खरंच वाचा. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या ‘व्हॅलिड यूझर्स’च्या जागी चुकून ‘व्हॅलिड यूझर’ लिहिलं, तर सांबा ती ओळ अनोळखी म्हणून सोडून देतो आणि पुढे चालतो. थांबत नाही. म्हणजे ज्या शेअरला कुलूप लावलं असं तुम्हाला वाटतं, तो उघडाच राहतो. टेस्टपार्म हे वर एका ओळीत सांगतं, पण खालच्या लांबलचक यादीमुळे ती ओळ स्क्रीनवरून निघून जाते.

आता उघड्या फायली. त्यांची यादी देते एसएमबीस्टेटस --लॉक्स ही आज्ञा. या यादीत वापरकर्त्याचं नाव नसतं, यूआयडीचा (वापरकर्त्याचा क्रमांक) आकडा असतो. म्हणून शेजारच्या टर्मिनलवर एसएमबीस्टेटस --प्रोसेसेस चालवून पीआयडीवरून (प्रोसेसचा क्रमांक) माणूस ओळखा. नुसता एक टिंब असलेली, आरडीओन्ली (फक्त वाचण्यासाठी उघडलेली) अशी ओळ म्हणजे कुणीतरी फोल्डर उघडून ठेवलंय, ती सोडा. आरडीडब्ल्यूआर (वाचण्या-लिहिण्यासाठी उघडलेली) दिसलं की थांबा. शेजारी त्याच नावाची, ‘~$’ने सुरू होणारी फाइल असेल तर ती वर्ड-एक्सेलमध्ये बहुधा आत्ता उघडी आहे.

मग ऑपलॉकचा रकाना बघा, म्हणजे क्लायंटला (वापरकर्त्याच्या संगणकाला) कॅशेसाठी दिलेली परवानगी. तिथे लीज (अशाच परवानगीचा एक प्रकार) आणि कंसात आरडब्ल्यूएच असेल, तर त्यातल्या डब्ल्यूचा अर्थ नीट समजून घ्या: क्लायंटला लिहिलेलं स्वतःच्या कॅशेत धरून ठेवायची परवानगी सर्व्हरनेच दिली आहे. म्हणजे वापरकर्त्याने सेव्ह केलेलं सर्व्हरच्या डिस्कवर अजून पोचलेलं नसूही शकतं. तुम्ही शेअर तोडलात की मधलं गेलं. एच असेल तर उलटं होऊ शकतं: माणसाने फाइल बंद केली, पण विंडोजने हँडल (फाइल उघडी असल्याची सर्व्हरवरची नोंद) अजून सोडलेलं नाही. म्हणून यादीवरून तर्क करत बसू नका, फोन करा. नोटपॅडसारखे प्रोग्रॅम तर फाइल वाचून हँडल लगेच सोडतात. त्या फायली इथे दिसणारच नाहीत आणि न सेव्ह केलेला मजकूर समोर तसाच असेल. यादी रिकामी दिसली तरी फोन करा. फायलींची नावं मराठीत असतील आणि प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर आधी टर्मिनलचं लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ करा. ‘????.एक्सएलएसएक्स’ कुणाची हे विचारणार कुणाला?

यानंतर एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग, म्हणजे सगळ्या प्रोसेसना नवी कॉन्फिग वाचायला लावणं. एसएमबीडी बदललेली कॉन्फिग तीन मिनिटांत आपणहून वाचतो, पण त्या भरवशावर राहू नका. आधी शेअर तोडलात आणि प्रोसेसकडे जुनीच कॉन्फिग असली, तर विंडोज काही क्षणांत परत जोडून घेतं आणि तो माणूस पूर्वीसारखाच आत असतो. आणि नुसतं रीलोड करून आधीच जोडलेला माणूस बाहेर जात नाही. दोन्ही लागतं, याच क्रमाने.

तोडण्यापूर्वी --लॉक्स परत एकदा. हो, परत. तुम्ही फोनवर होतात त्या पाच मिनिटांत कुणीतरी नवीन फाइल उघडलेली असते.

एकाच माणसाचं काम असेल तर पीआयडी द्या: एसएमबीकंट्रोल ४३१२ क्लोज-शेअर हिशेब (इथे ४३१२ हा पीआयडी, ‘हिशेब’ हे शेअरचं नाव). ‘ऑल’ दिलंत तर त्या शेअरवरचे सगळे तुटतात. शेअरच्या नावाऐवजी तारांकन दिलंत तर सगळेच शेअर तुटतात. नव्या आवृत्तीत क्लोज-डिनाइड-शेअर आहे. ज्यांचा प्रवेश अजून शाबूत आहे त्यांना ते हात लावत नाही. असेल तर तेच वापरा.

ग्रुप बदलला असेल तर क्लोज-शेअर पुरत नाही. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, शेअर पुन्हा जोडल्याने बदलत नाही. तिथे ती प्रोसेसच संपवावी लागते: एसएमबीकंट्रोल ४३१२ शटडाउन. पीआयडी विसरून तिथे एसएमबीडी किंवा ऑल लिहिलंत तर सर्व्हरच बंद होईल, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ वाचा. शिवाय एका क्लायंटचे सगळे शेअर एकाच प्रोसेसमधून जातात. म्हणजे ‘हिशेब’मधल्याच नाही, त्या पीआयडीच्या सगळ्या शेअरमधल्या उघड्या फायली बघा. नुसता एक शेअर बघून शटडाउन देऊ नका. किल -९ अजिबात नको, त्याने सामायिक मेमरी अर्धवट अवस्थेत राहू शकते. साधा किल द्या आणि थांबा.

किल-क्लायंट-आयपी, म्हणजे एका आयपी पत्त्यावरून आलेल्यांना तोडणारा निरोप, सोपं वाटतं. त्या आयपीवर टर्मिनल सर्व्हर (अनेकजण एकाच वेळी वापरतात असा संगणक) असेल तर वीस माणसं एकदम तुटतील. प्रत्येकाच्या उघड्या फायली बघितल्यात का? नसतील तर नको.

लॉग हवा असेल तर आधी एसएमबीकंट्रोलनेच डीबगलेव्हल (लॉग किती तपशिलात लिहायचा ती पातळी) विचारून आकडा लिहून ठेवा, मग त्या पीआयडीला डीबग १०. क्लायंट पुन्हा जोडला की पीआयडी नवा, पातळी जुनी. लॉग ५००० केबीला पोचला की त्याच्या नावाला डॉट-ओल्ड लागून तो बाजूला होतो आणि आधीचा डॉट-ओल्ड पुसला जातो. दहाच्या पातळीवर ते भराभर होतं, तेव्हा लगेच प्रत काढा. पातळी परत खाली आणा.

प्रोसेसकडून उत्तर येत नसेल तर एसएमबीकंट्रोलने पिंग करा. पाँग आलं नाही तर प्रोसेस अडकली आहे.

शेवटी एसएमबीस्टेटस --शेअर्स बघा, नाव गेलंय का. ज्याचं काढलं त्यालाच उघडून बघायला सांगा.