काकांच्या कपाटातला कॅमेरा पुन्हा चालता कसा करावा

काका बहारीनला नोकरीला होते. १९८६च्या मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात पेंटॅक्स के १००० हा रोलचा कॅमेरा होता, ५० मिलिमीटरच्या लेन्ससह. पुढे दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) बांधून झाली की पहिला फोटो तेच काढायचे. छत्तीस फोटोंचा रोल चवथीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा असायचा. आम्हा पोरांना रांगेत उभं करून "हालूं नाकात" (हलू नका) म्हणायचे, स्वतः श्वास रोखायचे आणि मगच बटण दाबायचे.

मोबाईल आले आणि तो कॅमेरा तपकिरी चामड्याच्या कव्हरात, कपाटाच्या वरच्या खणात गेला. अठरा पावसाळे तिथेच होता. तीन वर्षांपूर्वी काकीने तो माझ्या हातात ठेवला. "तूच बघ गो याचं काय ते." शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही न पाहता "शोकेसमध्ये ठेवा, शोभेल" असं सांगितलं. मला ते फार लागलं. आज तो कॅमेरा चालतो, आणि त्यानंतर शेजाऱ्यांचे, माझ्या विद्यार्थ्यांच्या घरचे आणखी सात-आठ कॅमेरे माझ्या टेबलावर येऊन गेले. घरातलं कुणी आखातात किंवा बोटीवर असेल तर कपाटात एखादा निघतोच. त्यांतला एकही वयाने बिघडलेला नव्हता. गोव्यात हे कॅमेरे दमटपणाने आणि पडून राहण्याने बिघडतात, आणि या दोन्हींवर घरच्या घरी पुष्कळ काही करता येतं. मी के १०००च्या आधारे सांगते. त्या काळच्या बहुतेक ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते.

सर्वांत आधी: मागचं दार उघडू नका. आत रोल असू शकतो. डाव्या बाजूची रोल गुंडाळायची चक्री बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. सैल फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा आहे. थोडी फिरून अडली, ताण जाणवला, तर आत फिल्म आहे. मी हे न पाहता चक्री वर ओढली आणि दार उघडलं. समोर तपकिरी फिल्म दिसली. क्षणात बंद केलं, पण तो क्षण पुरेसा होता. काढलेल्या फोटोंचा आकडा बावीसवर होता, दार उघडताच तोही पुन्हा सुरुवातीला गेला.

तुमच्या हातून असं झालं तर रोल टाकू मात्र नका. काढून झालेले फोटो उजव्या बाजूच्या दांड्यावर एकावर एक गुंडाळलेले असतात. उजेड वरच्या वेढ्यांना जाळतो, आतले पुष्कळदा वाचतात. खालच्या बाजूचं छोटं बटण दाबून रोल डबीत परत गुंडाळा आणि रोल धुणाऱ्या प्रयोगशाळेला तो जुना असल्याचं स्पष्ट लिहून पाठवा. रंगीत रोल फार जुना असेल तर तो कृष्णधवल रसायनात धुवायला सांगा. रंग तसेही उरलेले नसतात, आकार हाती लागण्याची शक्यता वाढते. काकांच्या त्या रोलमधून नऊ फोटो आले, धुरकट, कडेला पांढरे. एकात आजी तुळशीवृंदावनाच्या पायरीवर सुपाऱ्या सोलत बसली आहे. तिचा त्या वयातला दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

रिकामा कॅमेरा हाती आला की कव्हर काढा आणि ते पुन्हा वापरू नका. चामडं पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं आणि त्याच्या पोटात बुरशी वाढते. कव्हराचं कितीही प्रेम असलं तरी ते वेगळं, उघड्यावर ठेवा.

मग बॅटरी. के १०००ला एकच बटण-सेल लागतो, एलआर ४४, घड्याळजींकडे मिळतो. खालची झाकणी नाण्याने उघडते. आत हिरवट-पांढरा थर असेल तर जुना सेल गळला आहे. कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर लावून तो पुसा, मग स्पिरिटने, आणि चांगलं वाळू द्या. सेलचं काम फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरतं आहे. शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, त्याच्याशिवाय चालतं. या मॉडेलला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर टोपण लावलं की सेल खर्च होत नाही. साठच्या दशकातल्या काही कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत. ते आता बनत नाहीत आणि १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर काटा चुकीचं सांगतो. अशा कॅमेऱ्यात मीटर विसरा, पुढे दिलेला हिशेब वापरा.

शटर तपासायला रोल नको. दार उघडं ठेवून कॅमेरा खिडकीकडे धरा, लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं ठेवा आणि मागून बघत एक सेकंदापासून हजारापर्यंत (म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत) प्रत्येक वेगावर, फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढून, बटण दाबा. एका सेकंदाला पडदा अर्ध्यात अडकत असेल तर तेल घट्ट झालं आहे. घाबरू नका. संध्याकाळी अंगणात बसून पन्नासएक वेळा दाबा. काकांचा कॅमेरा तेवढ्याने मोकळा झाला. हजारावर चौकटीची एक बाजू काळी राहत असेल तर तो वेग सोडून द्या, अडीचशेपर्यंत मजेत काम होतं. पडद्याला आणि आतल्या आरशाला बोट किंवा कापड लावू नका. आरशाची चांदी काचेच्या वरच्या बाजूला असते, पुसली की गेली.

दाराच्या खाचेत काळा स्पंज असतो. एवढ्या वर्षांनी तो डांबरासारखा चिकट होतो आणि फिल्मवर नारिंगी पट्टे उमटवतो. लाकडी टूथपिक आणि स्पिरिटने तो खरवडून काढा. चुरा पडद्यावर पडू नये म्हणून कॅमेरा उलटा धरा. मग खाचेत काळी लोकर दाबून बसवा. फोंड्याच्या बाजारात विणकामाच्या दुकानात घेतलेली लोकर माझ्याकडे अजून चार कॅमेऱ्यांना पुरेल.

आता लेन्स. मोबाईलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. थोडी धूळ दिसली तर सोडून द्या, फोटोत येत नाही. कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्सच्या कापडाने पुसली जाते. आत असेल तर लेन्स उघडणाऱ्या माणसाकडेच द्या. दिवसभर कडक उन्हात तापवायचा सल्ला ऐकू नका, आतलं ग्रीस वितळून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. बुरशीची लेन्स मी चांगल्या लेन्सपासून वेगळी ठेवते.

पहिला रोल नवाच घ्या. कपाटातला मुदत संपलेला रोल घालून कॅमेऱ्याची परीक्षा घेऊ नका, दोष कुणाचा ते कळणार नाही. २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) रंगीत रोल किंवा ४०० चा कृष्णधवल बरा. सावलीत भरा. फिल्मची जीभ उजव्या दांड्याच्या फटीत खोचा, एकदा खटका ओढून दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसलेली बघा आणि मगच दार लावा. पुढचा खटका ओढताना डावी चक्री उलटी फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही आणि तुम्ही अख्खा रोल हवेत काढाल.

उजेडाचा हिशेब जुना आणि भरवशाचा आहे: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ आणि वेग आयएसओच्या जवळचा. म्हणजे २०० च्या रोलला १६ आणि २५०. मिरामारच्या वाळूवर किंवा मांडवीत फेरीबोटीवर पाण्याची चमक असते, तिथे २२ वर जा, आकडा मोठा तितकं भोक लहान. पावसाळी ढगाखाली ५.६ लागतं, काळवंडलेलं असेल तर ४. कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, शिरलात की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पोफळींखाली आपल्याला उजेड भरपूर वाटतो, फिल्मला तो फारच कमी असतो. तिथे मी ४०० चा रोल घालून अ‍ॅपर्चर २ आणि वेग ६० ठेवते. माटोळीसाठी देवघरातल्या बल्बच्या उजेडात २ आणि ३०, कोपर दाराच्या चौकटीला टेकवून. नुसत्या समयांच्या उजेडात वेग ८, आणि कॅमेरा पाटावर. शंका आली तर रंगीत निगेटिव्हला थोडा जास्तच उजेड द्या. कमी पडला तर सावल्या चिखलासारख्या होतात.

इथेच मला काका कळले. मोबाईलवर मी एका चवथीला दोनशे फोटो काढत होते आणि त्यांतला एकही पुन्हा बघत नव्हते. छत्तीसचा आकडा समोर असला की आधी माटोळीखाली उभं राहून बघणं होतं: सुपारीचे घड, आंबाडे, तोरिंगं, कांगलां, कुठून काय लोंबतंय. दहा मिनिटं बघून एक फोटो. मुलांनाही मी आता रांगेत उभं करते, आणि तीही खरंच श्वास रोखतात.

रोल संपल्यावर लवकर धुवायला द्या, उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या प्रयोगशाळांना कुरिअरने जातो. स्वतः विमानाने नेत असाल तर दाबोळी असो की मोपा, रोल हातच्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. सामानाच्या स्कॅनरचे किरण फिल्म धुरकट करतात, नव्या सीटी यंत्रांचे तर विशेष.

कृष्णधवल रोल मात्र घरी धुवून बघाच. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते म्हणून सोपं गेलं असं लोकांना वाटतं. खरी अडचण रसायनांची नसून पाण्याची आहे. डी-७६ सारख्या डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंश हवेत आणि आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० च्या आसपास असतं. परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात बुडवून ठेवा आणि थर्मामीटरने बघा. इलफर्ड एचपी५ या ४०० च्या कृष्णधवल रोलला पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. २४ पर्यंतच उतरलं तर साधारण सव्वापाच. त्याहून गरम नको, पाच मिनिटांखाली धुलाई डागाळते. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा. थंड डेव्हलपरनंतर गरम पाणी लागलं तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

पावसाळ्याची व्यवस्था वेगळी. हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो आणि काचेला ४५ ते ५० हवा. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करा, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. फ्रिजमधला रोल काढल्यावर तीन-चार तास डबीतच राहू द्या. आणि महत्त्वाचं: जून ते सप्टेंबर दर रविवारी कॅमेरा बाहेर काढून वीस-पंचवीस वेळा बटण दाबा. ठेवताना खटका ओढलेला नसावा, स्प्रिंग ताणलेली राहते.

धुतलेली फिल्म न्हाणीघरात टांगा, आधी चार तांबे पाणी फरशीवर मारून, म्हणजे धूळ बसते. वर एक चिमटा, खाली वजनाला दोन. पावसात रात्रभर लागते. प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, ओल लागली की चिकटते. सहा-सहाच्या पट्ट्या कापून बटरपेपरात ठेवा. मी कापत होते तेव्हा काकी येऊन बसली. एक पट्टी उचलून तिने खिडकीशी धरली, काळ्याचं पांढरं झालेलं असूनही दोन क्षण बघितलं आणि म्हणाली, "डावीकडे घड जास्त झाले गो. पुढच्या चवथीला उजवीकडे एक बांध."