इंदूरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलात? पहिलं वर्ष असं काढा

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसचे मोठे कॅम्पस आहेत, तिथे आधी ट्रेनिंग होतं मग प्रोजेक्ट मिळतो. विजयनगरात तिसऱ्या मजल्यावरची बारा-पंधरा जणांची कंपनी असेल तर तसलं काही नाही, सकाळी लॅपटॉप देतात आणि संध्याकाळी क्लायंटच्या कामातला एक बग, म्हणजे कोडमधली चूक, तुमच्या नावावर. मी सहा वर्षं अशाच ठिकाणी काढलीत म्हणून सांगतोय.

जॉइन व्हायच्या आधी हातात किती येणार, नोटीस पिरियड किती, हे लेखी मागा. पीएफचंही विचारा, कारण वीसपेक्षा कमी माणसं असली तर कंपनीवर पीएफची सक्ती नसते. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं, झेरॉक्स द्या.

आता मुख्य गोष्ट. छोट्या कंपनीत सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते, ती लवकरात लवकर कागदावर आणा. आमच्याकडचा सिनियर नोकरी सोडून पुण्याला गेला, दोन महिन्यांनी ऐन रंगपंचमीला, राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक चाललेली आणि इकडे क्लायंटचा फोन, साइट उघडली की असुरक्षित असल्याचा इशारा दिसतोय आणि ऑर्डरी बंद पडल्यात. साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं, तो दर वेळी हातानंच रिन्यू करायचा, कुणाला माहितीच नव्हतं, आणि सर्व्हरमध्ये शिरायची की, म्हणजे डिजिटल किल्ली, होती त्याच्या जुन्या लॅपटॉपवर जो फॉरमॅट करून दुसऱ्याला देऊन झालेला. शेवटी मालकांच्या ईमेलवरून होस्टिंगचं अकाउंट उघडलं, चार तास गेले. त्या दिवशी मी फार घाबरलो होतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा: कोड कुठल्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत) आहे, सर्व्हरचा अॅक्सेस कुणाकडे, डोमेन म्हणजे साइटचं नाव कुणाच्या ईमेलवर घेतलंय, सर्टिफिकेट कधी संपतं, बॅकअप कुठे जातो. आणि तो बॅकअप कधी रिस्टोर करून बघितलाय का हे तर नक्कीच विचारा, बहुतेक जण गप्प होतात. मिळालेली उत्तरं रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहून ठेवा, पासवर्ड मात्र त्यात नाही टाकायचे, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये.

सर शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यामुळे उठताबसता "कितने दिन लगेंगे" विचारतात. तोंडातून "हो जाएगा" निघू देऊ नका. दहा मिनिटं घ्या, कामाचे तुकडे पाडा, टेस्टिंगचा दिवस धरा आणि मग आकडा सांगा.

क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर घरी आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की साडेदहा, म्हणजे साडेसहाचा कॉल साडेसातला जातो आणि रात्रीचं जेवण पुढे सरकतं. आई वाट बघत बसते.

सोडून जायची वेळ आली तर शेवटच्या आठवड्यात नव्या मुलाला शेजारी बसवा, सर्टिफिकेट रिन्यू करण्यापासून डिप्लॉयपर्यंत, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्यापर्यंत, सगळं त्याच्याच हातून करवून घ्या, तो अडला तरी कीबोर्डला हात लावू नका. जिथे अडेल ती ओळ रीडमीत लिहायची राहिलीये, ती तेव्हाच लिहून टाका.