फायकोसायनिन काढावे कसे आणि मोजावे कसे

सायनोबॅक्टेरियांमध्ये, म्हणजे नीलहरित शैवालांमध्ये, प्रकाश टिपण्याचे बरेचसे काम पेशीतील पटलांना चिकटलेले फायकोबिलिसोम नावाचे प्रथिनसमूह करतात. मधे अ‍ॅलोफायकोसायनिन या प्रथिनाचा गाभा आणि त्यातून बाहेर निघालेल्या फायकोसायनिन या निळ्या प्रथिनाच्या दांड्या, अशी त्यांची रचना असते. ही प्रथिने पाण्यात विरघळत असल्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ती काढता येतात.

स्पिरुलिना या नीलहरित शैवालाची एक ग्रॅम सुकी भुकटी ०.१ मोलर, पीएच ७ च्या २५ मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये कालवावी, उणे २० अंशांवर गोठवावी आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर वितळू द्यावी. असे तीन-चार वेळा केले की पेशी फुटतात. वेळ वाचवण्यासाठी गरम पाणी मुळीच वापरू नये, कारण साधारण ४५ अंशांपुढे हा रंग विटू लागतो. मग १०,००० जी वेगाने १५ मिनिटे सेंट्रीफ्यूज करावे. वरचे द्रावण हिरवट राहिले, तर त्यात हरितद्रव्याच्या पटलांचे तुकडे आहेत असे समजून ते पुन्हा फिरवावे. नितळ द्रावण खिडकीसमोर धरल्यास गर्द निळे दिसते, पण काळ्या कागदापुढे धरून बाजूने उजेड टाकला की लालसर चमकते. टिपलेली ऊर्जा घेणारे हरितद्रव्य आता शेजारी नसल्यामुळे तिचा काही भाग लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो, आणि हे दृश्य प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः पाहावे असे मला मनापासून वाटते.

मोजण्यापूर्वी द्रावण इतके पातळ करावे की शोषणांक, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा, १ च्या आत येईल. ६१५ नॅनोमीटरच्या शोषणांकातून ६५२ च्या शोषणांकाची ०.४७४ पट वजा करून ५.३४ ने भागले की मिलिलिटरमागे फायकोसायनिनचे मिलिग्रॅम मिळतात. वाचने ०.८० आणि ०.३० असतील, तर उत्तर ०.१२ येते, द्रावण दहापट पातळ केले असल्यास १.२ धरावे. शुद्धतेसाठी ६२० च्या वाचनाला २८० च्या वाचनाने भागावे, ०.७ हे प्रमाण खाद्यरंगासाठी पुरेसे मानले जाते.

या आकड्यामागे जनुके आहेत. सीपीसीए आणि सीपीसीबी ही जनुके फायकोसायनिनच्या अल्फा आणि बीटा साखळ्या घडवतात, तर एपीसीए आणि एपीसीबी गाभ्याच्या. निळा रंग मात्र या साखळ्यांवरील सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडलेल्या फायकोसायनोबिलिन या रंगद्रव्याचा असतो. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाच्या ज्या वाणात पहिली दोन जनुके काढलेली असतात, त्यात दांड्या बनत नाहीत आणि शोषणाच्या आलेखातील ६२० नॅनोमीटरजवळचा उंचवटा जवळजवळ नाहीसा होतो. नायट्रोजन तोडल्यावर मूळ वाण एनबीएलए या छोट्या प्रथिनाच्या मदतीने आपले फायकोबिलिसोम मोडून पिवळसर पडतो, पण एनबीएलए नसलेला वाण निळाच राहतो. दोन वाणांची अशी तुलना करताना ७३० नॅनोमीटरवर पेशींची दाटी आधी सारखी करून घ्यावी, नाहीतर कमी पेशींनाच आपण कमी प्रथिन समजून बसू.