सव्विसावं पोतं

लिनक्सच्या कर्नलमधलं, म्हणजे गाभ्यातलं, टीसीपी (नेटवर्कवर डेटा न हरवता, क्रमानं पोचवायची पद्धत) शिकायचं असेल, तर कोड उघडण्याआधी पोचपावती, म्हणजे डेटा मिळाल्याचा निरोप, समजून घ्या. मला ती खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी, भाताची पोती उतरवताना समजली. पंचविसावं आत आलं की बाबा ओरडायचे, "सव्विसावं आण!" सव्विसावं ट्रॉलीतच अडकलं नि सत्ताविसावं पुढं आलं, तरी हाक तीच. अठ्ठाविसाव्याला तीच, एकोणतिसाव्यालाही तीच. टीसीपीची पावती अशीच पुढचं काय हवं ते सांगते. तीच पावती जादा तीनदा आली की पाठवणारा टायमरची वाट न बघता हरवलेला भाग पुन्हा पाठवतो. फक्त इथं पोती नाहीत, बाइट मोजतात, आणि आकडा ३२ बिटांचा: ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्य.

मी इथंच आपटलो. सरावासाठी टीसीपी_इनपुट.सी या फाइलमध्ये बदल करताना पावती जुनी आहे का, हे साध्या 'पेक्षा लहान'च्या खुणेनं तपासलं. आठवडाभर सगळं सुरळीत. मग टिळकवाडीच्या खोलीवर अधूनमधून एखादं कनेक्शन लटकायला लागलं. मी पावसाला नि जाणाऱ्या लाइटीला शिव्या घातल्या.

खरं कारण वेगळं. कनेक्शनचा सुरुवातीचा आकडा दरवेळी वेगळा, अंदाज न येणारा असतो. तो टोकाजवळ पडला, तर थोड्याच डेटात शून्य ओलांडतं. मग ताजी पावती आकड्यानं लहान दिसते, आणि माझा कोड तिला शिळी समजून फेकायचा. पाठवणारा बिचारा दुप्पट दुप्पट थांबत तेच पाठवत बसायचा. लिनक्स मूळ सेटिंगवर असा साधारण पाव तास दम धरतं.

नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टीसीपीडम्प दोन दिवस बघूनही मला हे दिसलं नाही, कारण ते खरे आकडे न दाखवता कनेक्शनच्या सुरुवातीपासून मोजून दाखवतं. मोठा एस लावून चालवा, खरे आकडे दिसतील. वायरशार्क या तशाच साधनातही सुरुवातीपासून मोजायची ती सोय बंद करावी लागते.

दुरुस्ती एका ओळीची. बिफोर आणि आफ्टर ही फंक्शनं कर्नलमध्ये आहेतच. ती दोन आकड्यांच्या वजाबाकीचं उत्तर साइन्ड, म्हणजे अधिक-उणे चिन्हासकट, ३२ बिटांत बघतात, म्हणून शून्य ओलांडलं तरी आधीचं कोणतं ते बरोबर कळतं. स्वतःची तुलना लिहायची हौस करू नका.

चूक पुन्हा घडवण्यासाठी मात्र नशिबावर बसू नका. क्यूईएमयू या आभासी संगणकामधल्या कर्नलात सुरुवातीचा आकडाच टोकाजवळ बांधून टाका. कर्नलवाले स्वतः हेच करतात: जिफीज हा घड्याळाचा आकडा ३२ बिटांत बूटनंतर पाच मिनिटांनीच उलटेल असा लावलेला असतो, चुका लवकर बाहेर पडाव्यात म्हणून.

तो बांधलेल्या आकड्याचा कर्नल मी अजून ठेवलाय. पावतीच्या कोडला हात लावला की आधी त्याच्यावर चालवतो.